होल्टरची वही

माझ्या खोलीला खिडकी नाही.
बाहेर कुठला ऋतू चाललाय
ते मला माणसांच्या छातीवरून कळतं.

मे महिन्यात इलेक्ट्रोड टिकत नाहीत,
घामावरून घसरतात, चिकटपट्टी दुप्पट लागते,
आणि पाण्याची गोळी घेणारी म्हातारी माणसं
खुर्चीतून उठता उठता पुन्हा बसतात.
ऑक्टोबरात तोंडं कोरडी, ठोके घाईत,
कागदावर एकमेकांच्या टाचेवर पाय देणारे.
जानेवारीत जेल लावलं की
सगळ्या जातीधर्मांची माणसं एकच शब्द बोलतात:
गार!

मुंबईत कसली आलीय थंडी,
असं म्हणत म्हणत कपाटातून स्वेटर शोधणारं हे गाव.
रक्तवाहिन्यांना विनोद कळत नाही.
अठरा अंशांवरही त्या गुमान आकसतात,
गल्ली अरुंद होते, हातगाडी तीच,
माल तेवढाच, आणि ओढणारा
रोजचाच, मुठीएवढा.
सव्वीस वर्षांत माझ्या रजिस्टरची सगळ्यात भरलेली पानं
डिसेंबर-जानेवारीची.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
टेक्निशियनला विचारतं कोण.

पोशा वैती आले ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.
भांडुपच्या मिठागरात चाळीस हंगाम.
गळ्यापर्यंत उन्हाचा रंग,
त्याखाली बनियनच्या मापाचा गोरेपणा.
डॉक्टर म्हणाले होते, मीठ बंद.
ते हसले होते:
"बंदच हाय साहेब. धा वरसा झाली."

मी तारा लावल्या, कमरेला डबी बांधली, हातात वही दिली.
चोवीस तास काय काय केलं, किती वाजता, लिहायचं.
"लिवाया येत नाय."
मग नातीला सांगा.

नात चौथीतली असावी. अक्षर मोठं, रेघ सोडून.
दु. १.१० जेवण. आळणी. आजोबा रागावले.
४.०० झोप.
६.३० जिना. मध्ये दोनदा थांबले.
९.०० आजीशी भांडण. (पापडावरून.)
पहाटे ४.५० आजोबा उठून बाहेर गेले. थंडी होती.
आणि खाली, बारीक, नंतर लिहिलेलं:
विचारलं तर म्हणाले पाणी बघाया.

एक लाख चार हजार ठोके. मी सरकवत राहिले.
जेवण दिसलं. जिना दिसला.
पापड तर स्पष्ट दिसला.
मग पहाटे चार त्रेपन्नला
रेघ सपाट झाली.

साडेतीन सेकंद.

मग एक ठोका, रुंद, ओबडधोबड.
मग बाकीचे, काही घडलंच नाही अशा चालीने.

यंत्र याला पॉज म्हणतं.
मी लाल खूण केली, फाइल वर पाठवली.

डबी परत करायला आले तेव्हा विचारलं,
पहाटे कसलं पाणी?
म्हणाले, उधाणाचं. या दिवसांत आगर भरायचं असतं.
फळी उचलायची.
पाणी लगेच आत येत नाय, बाय.
दाराशी उभं ऱ्हातं जरासं.
मंग येतं.

आता तिथे गवत आहे, पत्र्याचं कुंपण आहे,
फळी कुणाच्या तरी चुलीत गेली असेल.
पण जानेवारी येतो, पारा दोन बोटं उतरतो
आणि एक माणूस अनवाणी उठून
कुंपणापर्यंत जाऊन येतो.
गार लादी, आकसलेल्या वाहिन्या, वय बहात्तर:
डॉक्टरांनी जे लिहायचं ते बरोबरच लिहिलं.
पेसमेकर. ते नाही म्हणाले. मग सून बोलली,
मग मार्चमध्ये हो म्हणाले,
हंगाम सरत आल्यावर.

त्या दुपारी मी स्वतःचं मनगट धरून
घड्याळाकडे पाहत साडेतीन सेकंद मोजले.
फार असतात.
तेवढ्यात माणूस दार उघडून बाहेर जाऊ शकतो.

हल्ली थंडीत जेलची बाटली
मी आधी मशीनच्या पाठीवर ठेवते,
तिथे जरा ऊब असते.
तरी म्हणतातच, गार.
पण हळू.